प्रतिसाद: पोरगं चिप्स सोडेना

"आरोग्याला वाईट असतं असं शंभरदा सांगितलं, तरी नववीतला मुलगा चिप्स सोडत नाही," असं तुम्ही लिहिलंय. ताई, शंभरदा सांगितलं म्हणूनच सोडत नाही! या वयात पोरांना पुढच्या तीस वर्षांचं हृदय दिसत नाही, 'मला कोण शिकवतंय' तेवढं बरोबर दिसतं.

टेक्सासमध्ये आठवीच्या मुलांवर झालेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं आरोग्याचं प्रवचन बाजूला ठेवून, कंपन्या जाहिरातींतून आपल्याला कशा गंडवतात आणि हात थांबणार नाही असे पदार्थ कसे बनवतात, ते मुलांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी खाऊ निवडताना त्या मुलांनी जंक फूड कमी घेतलं. बंडखोरी तीच, फक्त रोख आईवरून कंपनीकडे वळला.

आमच्या घरी हेच केलं. लेकाला पाकिटामागचं मीठ-तेलाचं गणित मांडायला बसवलं. "च्यायला, हवाच विकत्यात की!" म्हणाला. आता शनिवारी पोरं आमच्या कोल्हापुरातल्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातात, म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला. तालमीतल्या दोस्तांचा धाक माझ्यापेक्षा जास्त.

रंकाळ्यावरची भेळ मात्र चालूच आहे, तिला मी हात लावलेला नाही.