मदत हवी आहे: २० टक्के योजनेतलं घर, पण बांधकाम परवानगीची मुदत संपत आलीय

नमस्कार मंडळी. म्हाडाच्या सोडतीत माझ्या धाकट्या भावाला पुण्याजवळ एका खासगी प्रकल्पात २० टक्के योजनेतलं (खासगी बिल्डरने मोठ्या प्रकल्पात कमी उत्पन्न गटांसाठी राखून ठेवायची छोटी घरं) घर लागलंय. विक्रीच्या इमारती उभ्या राहिल्या, आमच्या इमारतीचा मात्र नुसता पाया. कॉलमच्या सळ्या गंजल्यात, खड्ड्यात पावसाचं पाणी साठलंय. आता बिल्डर म्हणतो, "परवानगीची मुदत वाढवून घेतोय, थांबा."

एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा, १९६६ मधलं कलम ४८ वाचलं. परवानगी एक वर्षाची असते आणि पुढे वर्षावर्षाने वाढवता येते, पण वाढीव मुदत तीन वर्षांपलीकडे जात नाही. जोत्यापर्यंत (प्लिंथ, म्हणजे पायावरच्या चौथऱ्यापर्यंत) काम झालं नसेल तर नव्याने अर्ज करावा लागतो. खरी अडचण इथेच आहे. जोतं इमारतीगणिक मोजतात की अख्ख्या प्रकल्पाचं एकत्र? आणि नवी परवानगी काढताना बिल्डर आमची छोटी घरं नकाशातून हलवू शकतो का? भावाने कर्ज काढलंय, घरभाडंही भरतोय, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) मुदतवाढ (रेरा कायद्याचं कलम ६) वेगळी, हे माहीत आहे. तिथे हरकत नोंदवावी, की आधी महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागावी? आम्ही काही लाभार्थी एकत्र आलोय. कुणी या वाटेने गेलं असेल, किंवा कुणी आर्किटेक्ट, वकील असाल तर कृपया सविस्तर सांगा.