सोसायटीच्या 180 थकबाकी नोटिसा: एकेक टाइप न करता कशा काढाव्यात?

प्रश्न: यादी एक्सेलमध्ये आहे, मजकूर वर्डमध्ये. मेल मर्ज (यादीतली माहिती वर्डच्या मजकुरात आपोआप भरणं) केलं तर तारीख उलटी येते, महिना आधी. रकमेत दशांशानंतर आकड्यांची शेपटी लागते. शिवाय प्रिंट चालू असताना पावत्याही उरकायच्या आहेत.

लेखनिक_काका: मर्ज एक्सेलमधला मूळ आकडा उचलतं, दिसणारं रूप नाही. तारीख आणि रक्कम हवी तशी दिसू द्या, ते दोन्ही कॉलम कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मग एक्सेलमधले कॉलम 'टेक्स्ट' करा आणि नोटपॅडमधून परत पेस्ट करा. थेट 'टेक्स्ट' केलंत तर तारखेच्या जागी 45292 असला आकडा उरेल (ही 1 जानेवारी 2024). मूळ फाइलची प्रत आधी ठेवा, कारण टेक्स्ट रकमेची बेरीज होत नाही.

चाळकरी: पहिल्या ओळीत फक्त कॉलमची नावं हवीत. वर सोसायटीचं नाव एकत्र जोडलेल्या सेलमध्ये सजवलेलं असेल तर वर्ड त्यालाच शीर्षक समजतं आणि फील्ड (मजकुरात घालायची कॉलमची नावं) सापडत नाहीत. निम्म्या तक्रारींचं मूळ हेच.

लेखनिक_काका: बरोबर. आणि थेट प्रिंटरला पाठवू नका. 'फिनिश अँड मर्ज'मध्ये 'एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स' निवडा, 1 ते 5 काढून तपासा, मग 30-30 चे गट. कागद अडकला तर तेवढाच गट पुन्हा. दरम्यान नोटिसांच्या घड्या घाला. पावत्यांचे आकडे मात्र नंतर, दोन्हीकडे लक्ष ठेवताना हमखास चुकतात.

प्रश्नकर्ता: शीर्षकाची ओळ काढली, फील्ड दिसले. धन्यवाद!