परदेशी जायचंय: आधी भाषा शिकावी का तिथं जाऊन शिकावी?

गोदाकाठचा_मामा (परभणी)
आमचा भाचा जर्मनीला मास्टर्सला जायलाय, कोर्स इंग्लिशमधून हाय म्हणून जर्मन शिकायचं नावच घेईना. एका वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी अडकवून ठेवायच्या खात्यात, आधी दाखवावे लागतात, म्हणजे अकरा-बारा लाखाच्या वर, त्यासाठी दाजी दोन एकर गहाण टाकायला निघालेत. माझं मत स्पष्ट हाय, बी1 (भाषेच्या ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत्या पायऱ्या असतात, त्यातली तिसरी) होईस्तोवर विमानात बसू नये. आमच्या गल्लीतलं एक लेकरू असंच गेलतं. तिथं घरटी महिन्याला 18.36 युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी असते, घरात टीव्ही असो नाहीतर नसो. त्याची पत्रं जर्मनमधून यायची, ह्याला वाटलं जाहिराती हायेत, फ्रिजवर गठ्ठा करून ठेवला. दंडासकट मागणी आली तेव्हा रात्री दोन वाजता बापाला फोन. बाप इथं सोयाबीनच्या भावाच्या काळजीत, तो काय सांगणार त्याला?

लातूरची_लेक (श्टुटगार्ट)
मामा, राग मानू नका पण नाही पटलं. मी ए1 वर आले. बी1 साठी थांबले असते तर अ‍ॅडमिशनचं एक वर्ष गेलं असतं आणि घरी लग्नाचा विषय निघाला असता, मग कुठलं मास्टर्स. पत्राचं म्हणाल तर मोबाईलनं फोटो काढला की भाषांतर होतं, फक्त पाकीट फोडायची सवय पाहिजे, ती मात्र पहिल्या दिवसापासून.

मला भाषेनं नाही, घरानं रडवलं. इथं भाडं दोन प्रकारचं सांगतात, काल्ट म्हणजे नुसत्या जागेचं आणि वार्म म्हणजे हीटिंग वगैरे धरून, मी काल्टचा आकडा बघून हिशोब केला आणि पहिल्याच महिन्यात तोंडघशी पडले. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याच्या वर घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी एकदम देऊन बसले. रिकाम्या घरात पुष्कळदा किचनचा ओटासुद्धा नसतो! घरात राहायला गेल्यावर 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाचा कागद लागतो. तो देत नसेल तर ती खोली घेऊच नका, कितीही स्वस्त असो. आणि ब्लॉक्ड अकाउंटचा पैसा फी नाही, आपलाच असतो, महिन्याला 992 युरो परत मिळतात. दाजींना हे सांगा, त्यांना वाटत असेल सगळे गेले.

बीडची_सिस्टर
ताई, तुमचं तुमच्या कोर्सपुरतं खरंय. नर्सिंगला मी मामांच्या बाजूनं. वॉर्डात पेशंट कुठं दुखतंय ते सांगायलाय आणि आपण फोटो काढून भाषांतर करायचं का? तिथं बी2 मागतात ते उगाच नाही. मी सध्या बी1 ला आहे, ड्युटी करून रात्री क्लास, जीव जातो, पण शिकूनच जाणार.

उदगीरचा_भाऊ (दुबई)
तुम्ही सगळे जर्मनीचंच बोलायलेत. आपल्याकडची किती पोरं आखातात येतात, त्यांचं कुणी बोला की. इथं हिंदीवर भागतं, भाषेपायी कुणी अडत नाही, अडतं ते कागदापायी. ज्याची दहावी नाही त्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे कामाला जायच्या आधी सरकारी तपासणी लागते असा शेरा असतो, आणि अशा माणसाला कामासाठी आखातासकट 18 देशांत जायला सरकारची परवानगी लागते. ती टाळायला एजंट व्हिजिट व्हिसावर बसवून देतो. तसं कधीच येऊ नका. रजिस्टर्ड एजंटाला 30,000 अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, माझ्या रूममधल्या एकानं दीड लाख दिलेत, बायकोचं गंठण मोडून. आल्यावर त्याचा पासपोर्टही ठेवून घेतला, इथल्या कायद्यानं मालकाला तसं करता येत नाही, पण त्याला कुठं माहीत.

पगारात बेसिक किती ते बघा. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांची. एकूण आकडा मोठा आणि बेसिक बारीक असेल तर जाताना हातात काही येत नाही.

आन एक, बॅग आईला एकटीला भरू देऊ नका. माझ्या आईनं काळ्या मसाल्याच्या डब्याखाली खसखशीची पुडी बांधून ठेवलती, दिवाळीला अनारसे कर म्हणून. इथं खसखस अमली पदार्थात धरतात, जेलची गोष्ट हाय. निघायच्या आदल्या रात्री शेजारच्या काकांनी विचारलं म्हणून कळलं, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

नांदेडी_वकील
भाषेचं तुम्ही ठरवा, मी जमिनीचं बोलतो. एनआरआय झाल्यावर इथं शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं येते आणि आधीची असेल ती ठेवता येते. म्हणजे "आता विकू, पोरगं कमवून परत घेईल" हा हिशोब पोराच्या नावावर बसत नाही. जायच्या आधी सातबारा बघा, वाटणी राहिली असेल तर मिटवा, मुखत्यारपत्र कुणाच्या नावानं करायचं ते ठरवा, बँकेत साध्या सेव्हिंगचं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं इथल्या पैशासाठीचं खातं, करायला सांगा. विमानतळावर हार घालायला पन्नास जण येतात, ही कामं कुणाच्या ध्यानात नसतात.

गोदाकाठचा_मामा
लातूरच्या लेकीचं वाचून दाखवलं घरी. 992 चं ऐकून दाजींच्या जिवात जीव आला, गहाणाचं थांबवलंय, एज्युकेशन लोनसाठी उद्या बँकेत जायलोत. बी1 ची अट मी सोडली. पण ए2 तरी करूनच जायचं, ह्यावरून मी हटत नाही, डॉक्टरला फोन लावायची वेळ आली तर समोरचा हळू बोलंल का? भाचा तोंड वाकडं करून का होईना तयार झालाय. उदगीरच्या भावा, त्या रूममधल्या माणसाला पासपोर्ट परत भेटला का, ते मात्र कळवा.

उदगीरचा_भाऊ (दुबई)
अजून नाही. शुक्रवारी त्याला घेऊन वकिलातीत जायलोय.