कपाटात ठेवलेली जीन्स न घालताच फाटली – मदत हवी आहे (तातडीने)

शिरोली_शिफ्ट (मंगळवार, रात्री ९.४०)
येत्या शनिवारी चुलत भावाच्या साखरपुड्यासाठी मला कोल्हापूरहून पुण्याला जायचे आहे आणि त्यासाठी राखून ठेवलेली जीन्स काल कपाटातून काढून झटकली, तर मांडीजवळ चर्र असा आवाज होऊन चार बोटे रुंद फट पडली. पँट मागच्या दिवाळीतली आहे आणि मोजून पंधरा-वीस वेळा घातली असेल. जूनमध्ये ती धुऊन, लाँड्रीतून इस्त्री करून आणली आणि तशीच घडी करून ठेवून दिली. त्यानंतर तिला कोणी हातही लावलेला नाही. जाब दुकानदाराला विचारावा की लाँड्रीवाल्याला, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. पँट कशी धुवावी यावर उपदेश नको, कृपया.

तालीमकर (रात्री ९.५८)
यात विचारण्यासारखे काहीच नाही, हे उंदराचे काम आहे. आमच्या शुक्रवार पेठेतल्या जुन्या वाड्यात पावसाळ्यात उंदीर माळ्यावरून थेट कपाटात उतरतात. मागच्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या लग्नातल्या कोटाची बाही त्यांनी कुरतडली होती. कपाटाच्या मागे एक पिंजरा लावा आणि त्यात भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा ठेवा. दुकानदाराशी भांडून उपयोग होणार नाही.

नागाळा_निवासी (रात्री १०.१५)
मूळ चूक धुण्याची आहे. जीन्स हे धुण्याचे वस्त्रच नव्हे. लीवाइज या जीन्स बनवणाऱ्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी २०१४ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की, अंगावरची जीन्स त्यांनी वर्षभर धुतलेली नाही. मी स्वतः गेली तीन वर्षे माझी जीन्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवतो. जंतू मरतात, रंग टिकतो आणि कापडही झिजत नाही.

शिलाई_घर (रात्री १०.३२)
नागाळा_निवासी, जुलैमध्ये गंगावेशीतून दुचाकीवर एक फेरी मारा आणि मग जीन्स न धुता वर्षभर राहून दाखवा. फ्रीझरच्या थंडीने जंतू मरत नाहीत. ते गारठून निपचित पडतात आणि पँट अंगाच्या उबेला आली की पुन्हा कामाला लागतात. घामाचा तेलकटपणा आणि चिखल तर तसाच राहतो.

शिरोली_शिफ्ट, आपण अर्ध्या गोष्टी सांगितलेल्याच नाहीत. फट नेमकी घडीच्या रेषेवर आहे की घडी सोडून? कापड ताणले जाणारे आहे की साधे सुती? फाटलेल्या जागी धाग्यांची टोके कशी दिसतात? पँट कशात ठेवली होती, लाकडी कपाटात, लोखंडी ट्रंकेत की पिशवीत? मी बावीस वर्षे कपडे शिवते आणि दुरुस्त करते. एवढे समजल्याशिवाय मी दोष कोणालाच देणार नाही.

स्वयंपाकघरातून (रात्री १०.५०)
नवी जीन्स आणली की पहिल्या धुण्याआधी ती मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवून ठेवावी, म्हणजे रंग पक्का होतो आणि कापडाला बळकटी येते. आपण ते केले नसावे. अजूनही करून पाहा.

शिरोली_शिफ्ट (रात्री ११.०५)
मी सरळ एक प्रश्न विचारला आणि मलाच दहा प्रश्न आले. असो. फट घडीवरच आहे. दुसऱ्या पायाला त्याच उंचीवर अशीच एक छोटी फट आज सकाळी दिसली. कापड साधे सुती आहे. पँट लाँड्रीने दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत होती आणि ती पिशवी लोखंडी कपाटाच्या तळाशी होती. त्याच पिशवीत माझी निळी जीन्सही होती. तिला जरा कुबट वास येतो, पण ती धडधाकट आहे. त्यामुळे उंदीर हा विषय आता बंद करावा. उंदराला रंगाची आवडनिवड नसते.

ताणाबाणा (रात्री ११.२०)
आपण जाता जाता लिहिलेले एक वाक्य महत्त्वाचे आहे. दुसरी जीन्स 'निळी' आहे असे आपण म्हणता, म्हणजे फाटलेली निळी नाही. तिचा रंग कोणता, ते कृपया सांगावे.

शिरोली_शिफ्ट (रात्री ११.२४)
काळी आहे. फाटण्याशी रंगाचा काय संबंध?

इतिहासवेडा (रात्री ११.३१)
रंगावरून आठवले. आपल्याला वाटते त्यापेक्षा जीन्ससारख्या कापडाशी आपले नाते जुने आहे. 'डंगरी' हा शब्द मुंबईच्या डोंगरी भागात मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजीत गेला. लेवी स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस या शिंप्याला खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट बसवण्याचे पेटंट २० मे १८७३ रोजी मिळाले. याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध नाही याची मला जाणीव आहे.

ताणाबाणा (बुधवार, सकाळी ७.१०)
रंगाचाच संबंध आहे. मी इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये रंगाईवर अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डेनिममध्ये ताणा, म्हणजे उभे धागे, रंगवलेले असतात आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, बहुधा पांढरे असतात. निळ्या जीन्सचा ताणा निळीने (इंडिगोने) रंगवतात. ही नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बाहेरच्या थरावर वलयासारखी बसते आणि घासली गेली की निघते. म्हणूनच निळी जीन्स गुडघ्यावर पांढरी पडते. काळ्या जीन्सची गोष्ट वेगळी असते. तिचा ताणा बहुतेक वेळा सल्फर ब्लॅक या रंगाने रंगवलेला असतो. हा रंग स्वस्त आणि गडद असतो, पण त्यात गंधक असते. रंगाईनंतर धुण्यात कसर राहिली, तर धाग्यावर सैल गंधक शिल्लक राहते आणि कापड दमट व उबदार जागी महिनोन् महिने पडून राहिले की हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन त्या गंधकाचे अगदी थोड्या प्रमाणात गंधकाम्ल तयार होते. सुती धागा आम्लापुढे टिकत नाही. तो आतून ठिसूळ होतो. बाहेरून मात्र पँट तशीच काळीकुळकुळीत दिसते. आपण ती झटकलीत तेव्हा ताण घडीच्या रेषेवर आला आणि आधीच कुजलेला धागा तिथेच सुटला.

पँट झटकल्यामुळे फाटली नाही. ती पावसाळाभर पिशवीत हळूहळू फाटतच होती.

खात्री करायची असेल तर फाटलेल्या जागी नीट पाहा. काळे उभे धागे तुटलेले आणि पांढरे आडवे धागे त्यामानाने शाबूत, फटीवर जाळीसारखे आडवे पसरलेले दिसत असतील, तर माझा अंदाज बरोबर आहे. उंदीर किंवा कसर दोन्ही धागे कुरतडतात, ते ताणा-बाणा पाहत नाहीत. गुडघ्यावर झिजून फाटलेल्या पँटलाही असे पांढरे धागे दिसतात, हे खरे. पण ती झीज गुडघ्यावर असते, न वापरलेल्या पँटच्या मांडीवरच्या घडीला नसते.

तालीमकर (सकाळी ८.०२)
पँटमध्ये गंधकाम्ल असेल तर ती घालणारा माणूस भाजून निघायला हवा. ही गोष्ट जरा ताणलेली वाटते.

ताणाबाणा (सकाळी ८.१५)
कातडी भाजण्यासाठी लागते त्याच्या कितीतरी पटींनी कमी आम्ल सुती धाग्याला पुरेसे असते, कारण त्याला चार महिन्यांची सवड मिळालेली असते. शंका असेल तर एक रुपयाही न खर्चता तपासून पाहता येईल. कोणाच्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडून निळा लिटमस कागद मागून आणा, उकळून गार केलेल्या पाण्यात तो भिजवा आणि पँट उलटी करून फटीजवळच्या फिकट बाजूवर पाच मिनिटे दाबून धरा. आम्ल असेल तिथे कागद लाल होतो. निळ्या जीन्सवरही तसेच करा, म्हणजे तुलना होईल.

स्वयंपाकघरातून (सकाळी ८.४०)
मग व्हिनेगरचा सल्ला तुम्हाला पटत नाही, असे समजायचे का? माझ्या सासूबाई हेच करत असत आणि त्यांचे कपडे वर्षानुवर्षे टिकत.

ताणाबाणा (सकाळी ९.०५)
ताई, सासूबाईंच्या कपड्यांबद्दल मी काही बोलत नाही. सुती लुगडी वेगळ्या रंगांची असत, आणि काही रंग सुतावर चढवताना मीठ खरोखरच उपयोगी पडते. निळीला मात्र मीठ आणि व्हिनेगर दोन्ही लागू पडत नाहीत. ती धाग्यावर बसते ती रंगाईच्या वेळी हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन, आणि त्यानंतर तिला कशाने पक्के करता येत नाही. या काळ्या पँटवर आणखी आम्ल ओतू नये, एवढीच माझी विनंती आहे. तिला आम्ल नव्हे, अल्कली हवी. बादलीभर पाण्यात दोन चहाचे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून अर्धा तास भिजवा आणि मग दोन पाण्यांत खळबळून काढा. त्याने उरलेले आम्ल जाईल, पुढची झीज थांबेल. गेलेली ताकद मात्र परत येणार नाही.

शिलाई_घर (सकाळी ९.३०)
ताणाबाणा यांच्याशी मी सहमत आहे. मी पूर्वी अशा दोन-तीन पँटी रफू करून दिल्या होत्या आणि महिन्याभरात त्या रफूच्या कडेनेच फाटून परत आल्या. तेव्हा मी सुताला दोष दिला होता. कुजलेल्या कापडात टाका धरत नाही. ठिगळ लावायचेच असेल तर आतून फटीपेक्षा चार बोटे मोठे लावून शिलाई पक्क्या कापडावर घ्यावी लागते. शनिवारच्या साखरपुड्यासाठी हे काम करून घेऊ नये असे माझे मत आहे. वाकून नमस्कार करताना काय होईल ते सांगता येत नाही.

शिरोली_शिफ्ट, एक प्रश्न राहिलाच. लाँड्रीतून पँट आणली तेव्हा कमरपट्टा, चेनची पट्टी आणि खिशांची आतली कापडे पूर्ण कोरडी होती का?

शिरोली_शिफ्ट (दुपारी १.४५, जेवणाच्या सुट्टीत)
नव्हती, हे आता आठवते. त्या आठवड्यात सलग पाऊस होता. लाँड्रीवाल्याने इस्त्री करून पिशवीत घालून दिली, तेव्हा कमरेजवळ हात ओलसर लागला होता. उद्या हवेशीर ठेवू असे म्हणून मी ती तशीच कपाटात ठेवली आणि विसरलो. धागे पाहिले: पांढरे धागे आडवे जाळीसारखे आहेत, काळे तुटलेले आहेत. बोटाने नुसते दाबले तरी काळ्या धाग्यांचा भुगा होतो. बाकी पुतण्याकडून लिटमस आज संध्याकाळी मिळेल. आता जाब कोणाला विचारायचा ते सांगा.

ताणाबाणा (दुपारी २.२०)
मूळ दोष रंगाई करणाऱ्या कारखान्याचा आहे, पण त्याचा पत्ता तुम्हाला सापडणार नाही आणि दुकानदाराला सल्फर ब्लॅक म्हणजे काय हे बहुधा ठाऊकही नसेल. लाँड्रीवाल्याने ओलसर पँट गरम इस्त्री करून बंद पिशवीत घातली, म्हणजे उष्णता आणि दमटपणा दोन्ही एकत्र दिले. त्याने वेग वाढवला, आजार दिला नाही. आणि पिशवी उघडली नाही ती आपण. राग धरू नका, आपणच विचारलेत म्हणून सांगतो. सगळ्या काळ्या जीन्सचे असे होत नाही, नीट धुतलेल्या वर्षानुवर्षे चालतात; आपल्या नशिबी कच्ची आली.

शिलाई_घर (दुपारी ३.१०)
उपदेश नको म्हणालात, तरी हे लिहिते, कारण कोल्हापुरात पुढचा पावसाळा येणारच आहे. जूनपासून जीन्स दोरीवर वाळत नाही, ती दोरीवर फक्त टांगलेली असते. धुताना उलटी करावी, मशीनमध्ये असेल तर पिळण्याची फेरी दोनदा द्यावी. कोरड्या पंच्यात गुंडाळून त्यावर पायाने दाबावे. पंचा बराच ओला होतो. मग खिसे बाहेर ओढून, चेन उघडी ठेवून, कमरेने टांगून पंख्याखाली ठेवावी, कारण कमरपट्टा आणि खिसे सर्वांत शेवटी वाळतात. हाताला कोरडी लागली तरी एक रात्र आणखी राहू द्यावी आणि मगच इस्त्री करावी. ताणले जाणारे कापड असेल तर इस्त्री कोमट असावी, फार तापलेल्या इस्त्रीने त्यातला लवचीक धागा मरतो. ठेवायची ती सुती पिशवीत किंवा जुन्या साडीच्या तुकड्यात, प्लास्टिकमध्ये कधीच नाही. आणि पंधरा दिवसांनी घडी बदलावी.

वडगावकर_९४ (दुपारी ३.४०)
माझ्या स्कूटरच्या पांढऱ्या सीटवर नव्या गडद निळ्या जीन्सचा डाग पडला आहे आणि कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यालाही निळसर छटा आली आहे. हे कसे काढावे?

नागाळा_निवासी (दुपारी ३.५२)
म्हणूनच मी फ्रीझर म्हणतो.

ताणाबाणा (दुपारी ४.०५)
वडगावकर, ती सैल नीळ आहे, घासून उतरलेली. सीट साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने पुसा; चपलेच्या चामड्याला पाणी लावू नका, तो पट्टा तसाच राहू द्या. नवी जीन्स दोन-तीन वेळा एकटीच धुऊन घेतली असती तर दोन्ही वाचले असते. मात्र यासाठी वेगळी चर्चा सुरू करावी, इथे मूळ प्रश्न मागे पडेल.

शिरोली_शिफ्ट (रात्री ९.१५)
लिटमसचा निकाल: काळ्या पँटवर कागद गुलाबीसर लाल झाला आणि निळ्या जीन्सवर निळाच राहिला. पुतण्याला एवढा आनंद झाला की त्याने घरातल्या सगळ्या काळ्या कपड्यांवर कागद दाबून पाहिले. माझी दुसरी काळी पँट आणि वडिलांची छत्री दोन्ही निर्दोष सुटली. काळी पँट आता सोड्याच्या पाण्यात आहे. शनिवारी निळी जीन्स घालीन, ती आज दिवसभर आई पंख्याखाली वाळवत होती. दुकानदाराकडे संध्याकाळी जाऊन आलो. त्यांनी लिटमसचा कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि ही शाळेची वस्तू दुकानात कशाला आणली, असे विचारले.

आता शेवटचा प्रश्न. आई म्हणते, पँट टाकायची नाही, तिच्या पायांची बाजारासाठी पिशवी शिवायची. कापड पुढे टिकेल का?

शिलाई_घर (रात्री ९.३८)
घडीच्या रेषा कापून वगळा, पोटरीचा भाग दोन्ही हातांनी ताणून पाहा आणि तो टिकला तरच शिवा. तळाला दुसरे कापड लावा. कोथिंबीर आणि कढीपत्ता आणायला चालेल. लक्ष्मीपुरीतून कांदे-बटाटे आणायला मात्र ती पिशवी पाठवू नका.