मदत हवी आहे: टर्नटेबलला मिक्सर कोणता घेऊ? शनिवारी हळद आहे!

चादरवाला_डीजे:
मंडळी, तातडीने सांगा. शनिवारी ताईची हळद काकांच्या जुन्या रेकॉर्डवर वाजवायची आहे. टर्नटेबल आहे, मिक्सर आहे, पण आवाज डासासारखा. गेन (आवाज वाढवायचं बटण) पूर्ण फिरवला की नुसतं गुंईंऽऽ. नवा मिक्सर घेतो, १५-२० हजारांपर्यंत. उद्या नवी पेठेत जातोय, फक्त मॉडेल सांगा. पुढे स्क्रॅचिंग (रेकॉर्ड हाताने मागेपुढे घासून आवाज काढणं) पण शिकायचंय.

सुईवाला:
टर्नटेबल कुठलं? मिक्सर कुठला? वायर कुठे खुपसलीय?

जुळे_सोलापूरकर:
मिक्सर-बिक्सर सोड बे. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ कंट्रोलर घे, लॅपटॉपला लाव, विषय संपला. मी सगळी लग्नं त्यावरच काढतो.

रेकॉर्डवेडा:
आणि रेकॉर्ड काय लॅपटॉपच्या फटीत सारायच्या? त्या कंट्रोलरला टर्नटेबल जोडायला जागाच नाही. प्रश्न तरी वाचत जा.

अण्णा_पुणे:
टर्नटेबल घ्यायचं तर टेक्निक्स एसएल-१२००. १९७२ पासूनचं मशीन. २०१० ला बंद केलं, तर २०१६ ला परत काढावं लागलं. बाकी सगळी खेळणी.

सुईवाला:
अण्णा, टेक्निक्सच्या पोटात प्रीअँप (सुईचा बारीक आवाज वाढवणारा भाग) नसतो. याच मिक्सरवर त्याचाही आवाज एवढाच बारीक येईल, फक्त महागडा. चादरवाले, मॉडेल?

चादरवाला_डीजे:
यंत्रमागावर होतो, तिथं फोन वाजलेला कळत नाही. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स, सेकंडहँड. मिक्सर म्हणजे मिक्सर, त्यात काय सांगायचं?

सुईवाला:
डीजेचा की मंडपवाल्याचा? मागे कुठे 'फोनो', म्हणजे टर्नटेबलसाठीचं भोक, असं लिहिलंय का?

चादरवाला_डीजे:
मंडपवाल्याचा, ८ चॅनेल. फोनो कुठेच नाही. माइकच्या भोकात लावलंय, तिथं जरा तरी ऐकू येतं.

सुईवाला:
इथेच घोळ आहे. सुईतून जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट निघतात. वर, रेकॉर्ड कापतानाच बेस दाबलेला आणि चिरका भाग वाढवलेला असतो. नाहीतर खोबणी इतकी नागमोडी होईल की एका बाजूला २० मिनिटं मावायची नाहीत. हे उलटं करून द्यायचं काम फोनो प्रीअँपचं. माइकचं भोक आवाज वाढवतं, गेलेला बेस परत आणत नाही. तुझ्या एलपी१२०एक्समध्ये प्रीअँप आहे. मागच्या बाजूला एक बारका स्विच बघ, फोनो आणि लाइन. आधीच्या मालकाने फोनोवर ठेवला असणार. आधी गेन शून्यावर आण (विसरलास तर टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, उडतील), स्विच लाइनवर कर आणि डावी-उजवी वायर दोन चॅनेलच्या लाइन इनपुटला लाव. शनिवारसाठी एक रुपया खर्च करू नकोस.

तात्या_अक्कलकोट_रोड:
७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या) तबकड्या असतील तर सुई वेगळी लागते. त्यांची खोबणी रुंद, एलपीची सुई तळाशी घासत जाते.

रेकॉर्डवेडा:
तात्या, कुणी विचारलं?

तात्या_अक्कलकोट_रोड:
विचारतील म्हणून आधीच सांगितलं.

चादरवाला_डीजे:
झालं!!! स्विच फोनोवरच होता. आवाज दणदणीत. पण बेसचे मोठे स्पीकर चालू केले की हूऽऽऽ होतं आणि सुई उड्या मारते. मंडपवाला म्हणतो सुईवर रुपयाचं नाणं ठेव, सगळे ठेवतात. ठेवू?

सुईवाला:
अजिबात नको. त्या सुईला २ ग्रॅम भार पुरतो, रुपया एकटाच ३ ग्रॅमच्या वर. काकांच्या रेकॉर्ड नांगरून निघतील. टर्नटेबल ठेवलंय कशावर?

चादरवाला_डीजे:
बेसच्या स्पीकरवरच. टेबल मिळालं नाही.

रेकॉर्डवेडा:
अरे सिद्धेश्वरा!

जुळे_सोलापूरकर:
चादर घाल की खाली, चार घड्या करून. सोलापुरात चादरीला काय तोटा?

सुईवाला:
मऊ चादरीवर ते डुलतं, सुई आणखी उडते. शहाबादी फरशीचा तुकडा घे, खाली सायकलची ट्यूब अर्धी हवा भरून. आणि बेसच्या स्पीकरपासून लांब, म्हणजे हादरे सुईत जाणार नाहीत, जमलं तर भिंतीपलीकडे. वाजवताना वरचं झाकण काढून ठेव.

जुळे_सोलापूरकर:
माझं चादरीवर मस्त चालतं.

सुईवाला:
तुझा कंट्रोलर आहे. त्याला सुई कुठाय?

नागरिक_सातरस्ता:
रात्री १० ला बंद करा म्हणजे झालं. आमच्याकडे बारावीचं पोरगं आहे. दरवेळी तक्रार कुणी करायची?

चादरवाला_डीजे:
काका, ७ ते ९ आहे. जेवायला या. आणि सुईवाले, स्क्रॅचिंगचं?

सुईवाला:
तुझं डायरेक्ट ड्राइव्ह आहे, म्हणजे मोटर थेट तबकडी फिरवते, शिकायला पुरे. पट्ट्याचं असतं तर तबकडी धरली की पट्टा घसरला असता. रबरी मॅट काढून स्लिपमॅट (रेकॉर्ड सहज सरकेल अशी गुळगुळीत मॅट) टाक. पैसे साठव आणि हळदीनंतर सावकाश २ चॅनेलचा डीजे मिक्सर घे, फोनो इनपुट आणि क्रॉसफेडर (एका चॅनेलवरून दुसऱ्यावर सरकवायची आडवी पट्टी) बघूनच. तेव्हा मागचा स्विच परत फोनोवर करायला विसरू नको, नाहीतर आवाज फाटला म्हणून इथंच धागा काढशील. आणि काकांच्या रेकॉर्डवर शिकू नकोस.

चादरवाला_डीजे:
फरशी मिळाली. न्हाणीघरातली सुटी होती, उचलली. आईला अजून कळलेलं नाही. हूऽऽऽ बंद!

रेकॉर्डवेडा:
रेकॉर्ड कुठल्या कुठल्या आहेत? हळदीनंतर विकणार असाल तर व्यनि करा.

तात्या_अक्कलकोट_रोड:
त्यात ७८ च्या आहेत का?