बीटल पिनिंगच्या क्लासमधून आणलेल्या किड्याला बुरशी लागलीय, वाचेल का?

घणसोलीकरीण
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. माझी लेक सातवीत आहे आणि तिला किड्यांचं वेड आहे, म्हणजे घरात झुरळ दिसलं की मी कॉटवर चढते आणि ती त्याच्यावर वाटी पालथी घालायला धावते. तर वाशीला तीन तासांचा एक क्लास होता, बीटल पिन करून जतन कसा करायचा याचा, मोठ्यांनाही चालतो म्हणाले म्हणून तिच्यासोबत मीही बसले. प्रत्येकाला एकेक मोठा बीटल दिला, हिरवागार, कडेला तांब्यासारखी झाक, हातात फिरवला की पैठणीच्या पदरासारखा रंग बदलतो. तो म्हणे परदेशातून वाळवून आलेला, आणि आम्हाला पाय हलवता यावेत म्हणून दोन दिवस दमट डब्यात ठेवून मऊ केलेला. पिन टोचली, चिमट्याने पाय ओढून आजूबाजूला टाचण्या लावल्या, माझ्या बीटलची एक मिशी तुटली, लेकीचा मात्र एकदम झकास झाला.

आता खरी भानगड. "दहा दिवस असाच वाळू द्या" म्हणून थर्माकोलवर टोचलेलाच घरी दिला. मी शोकेसवर ठेवला, बाहेर धो धो पाऊस, आणि सहाव्या दिवशी त्याच्या पायांच्या सांध्यात पांढरी लव दिसली! लेकीने घाबरून कपाटातली डांबर गोळी आणून त्याच्या शेजारी ठेवली, वर झाकण लावलं, तर दोन-तीन दिवसांत गोळीखालचा थर्माकोल चिकट होऊन खड्डा पडला आणि गोळी त्यात रुतून बसली. सासूबाई म्हणतात श्रावण तोंडावर आलाय, मेलेला जीव घरात नको. क्लासवाल्यांना फोटो पाठवला, दोन निळ्या टिका आल्या आणि पुढे शांतता. बुरशी निघेल का, आणि पुसताना रंग तर जाणार नाही ना?

कळवा_स्लो
डांबर गोळीने थर्माकोल खाल्ला हे वाचून चहा सांडला ताई 😂 बाकी आपल्याला काही कळत नाही, वाचतोय.

टाचणीवाला_ठाणे
ताई घाबरू नका, बीटल वाचेल. आधी ती गोळी काढा. त्यातलं नॅफ्थलीन थर्माकोलला मऊ करतं, हे आम्ही सगळे एकदा तरी करून बसलोय, माझा पहिला अख्खा बॉक्स असाच गेला.

बुरशी का आली ते सांगतो कारण तुमचं काही चुकलेलं नाही. तो किडा एकदा वाळलेला होता, त्याला मऊ करायला पाणी पाजलं, म्हणजे तुम्ही घरी आणला तो ओला किडा होता, आणि आपल्याकडे जुलैत टॉवेल वाळत नाही तिथे तो काय वाळणार. दहा दिवसांचा हिशेब कोरड्या हवेचा. पावसाळ्यात एकच उपाय, घट्ट झाकणाचा डबा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या (बुटांच्या खोक्यातल्या जुन्या चालणार नाहीत, त्यांनी आधीच पोटभर पाणी प्यायलेलं असतं, ताज्या आणा), आत थर्माकोलसकट बीटल. दोन आठवडे उघडायचा नाही. लेकीला सांगा रोज बघायला उघडलास तर रोज पाऊस आत जाईल.

बुरशीला रंगकामाचा बारीक ब्रश मेडिकलच्या स्पिरिटमध्ये बुडवून निथळून हळूच फिरवा, सांध्यांपासून बाहेरच्या दिशेने. स्पिरिटचा थेंब थर्माकोलवर पडला तर काही होत नाही, पण नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात घेऊ नका, अ‍ॅसिटोनने खालचा थर्माकोल बसेल. रंगाची काळजी सोडा. वर्णनावरून ज्वेल बीटलच्या घराण्यातला वाटतोय, आपल्या सोनपाखराचा भाऊबंद, आणि त्यांचा तो हिरवा रंग नसतोच मुळी, पंखाच्या कवचात एकावर एक अतिपातळ थर असतात त्यातून उजेड परततो म्हणून तो हिरवा दिसतो. थर शाबूत तोवर रंग शाबूत. जपानात नारा इथल्या होर्यूजी मंदिरात सातव्या शतकातला एक देव्हारा आहे, त्याला ज्वेल बीटलचेच पंख जडवले होते, हे सासूबाईंना सांगून बघा. सगळ्यांचं असं नसतं हां. गारवेलीवर ते छोटे सोनेरी कासवासारखे बीटल असतात ना, ते जिवंतपणी सोन्याचे आणि मेल्यावर वाळले की मळकट तपकिरी. मी कॉलेजात असताना एक जपून ठेवला होता, आठवड्याने बघितलं तर मला वाटलं कुणीतरी बदलला.

तुटलेली मिशी टाकली नसेल तर टाचणीच्या टोकावर फेव्हिकॉलचा कण घेऊन चिकटवा, फेव्हीक्विक नको, ते पांढरा डाग सोडतं आणि परत काढताही येत नाही.

आणि एक विचारतो, पिन उजव्या पंखातूनच घातलीय ना? मधोमध नाही ना? म्हणजे डोकं तुमच्यापासून लांब ठेवलं की उजवीकडचा वरचा कडक पंख, आणि खाली मधल्या आणि मागच्या पायाच्या मध्ये बाहेर. डावी बाजू आणि मधली रेघ ओळख पटवायला अख्खी राहते म्हणून जगभर ही रीत.

कोलशेतची_काकू
आम्ही साताऱ्याकडे लहानपणी सोनपाखरं काडेपेटीत ठेवायचो, बाभळीचा पाला घालून, पायाला दोरा बांधून उडवायचो सुद्धा, आता आठवलं की लाज वाटते. काडेपेटीत गव्हाच्या दाण्याएवढी अंडी घातलेली दिसली की वर्गभर मिरवायचो. पण मला विचारायचंय, हे असे किडे मारून शिकवणं बरोबर का? आणि उद्या पोरं येऊरला जाऊन पकडायला लागली तर?

टाचणीवाला_ठाणे
काकू, प्रश्न रास्त आहे. येऊर हा संजय गांधी नॅशनल पार्कचा भाग, तिथून पान उचलायचं नाही, किडा तर लांबच, पनवेलचं कर्नाळा अभयारण्यही तसंच. 2008 साली दार्जिलिंगकडच्या सिंगालीला नॅशनल पार्कमधून परवानगीशिवाय किडे गोळा केले म्हणून दोन चेक कीटकतज्ज्ञांना अटक झाली होती, खटला चालून दोषी ठरले, तेव्हा हे फक्त बोर्डावर लिहिण्यापुरतं नाही. हौशी माणसाने मेलेला सापडलेलाच घ्यावा असं माझं मत, तोही जंगलाबाहेरचा. सोसायटीच्या दिव्याखाली पावसाळ्यात सकाळी काय काय पडलेलं असतं बघा, झाडूवाला येण्याआधी फक्त. जिवंत असला तर हात लावू नका, विशेषतः जास्वंदाच्या फुलावर काळ्या-केशरी पट्ट्यांचा दिसला तर, त्याच्या अंगातल्या रसाने कातडीवर फोड येतात.

मारून शिकवण्याबद्दल माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ताई, क्लासमध्ये लेबल लावायला दिलं का? कुठे, कधी, कोणाला सापडला?

घणसोलीकरीण
पिन उजवीकडेच आहे, लेकीने तपासलं. बुरशी निघाली! मिशी कचऱ्यात गेलीय. लेबल नाही दिलं हो, फक्त "बीटल वर्कशॉप" छापलेलं कार्ड आणि क्लासचा लोगो.

टाचणीवाला_ठाणे
तेच. मग तो दागिना झाला. छान आहे, ठेवा, पण कीटक अभ्यासणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. पिनेखाली नखाएवढा कागद, त्यावर गाव, तारीख, कुणाला सापडला. जेल पेन नको, दमट हवेत पसरतं, पेन्सिल सगळ्यात भारी. आणि दोन आठवड्यांनी वाळला की झिप पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये, म्हणजे वाळलेले किडे खाणाऱ्या बारीक अळ्या असतील तर मरतील. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आत दव धरतं.

कळवा_स्लो
फ्रीजर?? सासूबाईंना कोण सांगणार 😂

घणसोलीकरीण
तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, उशीर झाला, सॉरी. बीटल कडक वाळलाय, रंग तस्साच. फ्रीजरचं सासूबाईंना सांगितलं नाही, मटारच्या पिशवीमागे होता, त्यांना गुरुवारी सापडला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मटार वरच्या कप्प्यात हलवले.

लेबलचं लेकीने फार मनावर घेतलं. हिरव्याच्या खाली तिने "ठिकाण: माहीत नाही" असं लिहून ठेवलंय. आणि परवा सकाळी शाळेला जाताना जिन्याच्या ट्यूबलाइटखाली तिला एक मेलेला सापडला, काळपट तपकिरी, डोक्यावर शिंग, तो नारळावरचा गेंडा भुंगा म्हणे. दिसायला अगदीच साधा आहे, एक पायही नाही. तो तिने शोकेसवर पुढे ठेवलाय आणि हिरवा मागे.