डीटीएसचे तिकीट, प्रवासाचा दावा आणि मिळालेली मदत : आपले अनुभव लिहावेत

माझ्या पतींची पठाणकोटहून फील्ड भागात बदली झाली, तेव्हा मी, दोन मुले आणि घरचे सामान असे आम्ही पुण्याला आलो. आमची झेलम एक्सप्रेसची तिकिटे युनिटने संरक्षण लेखा खात्याच्या डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टिमवरून, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या डीटीएसवरून काढून दिली, त्यामुळे त्यांचे पैसे खिशातून गेले नाहीत. सामानाच्या ट्रकचे भाडे मात्र आम्ही भरले होते आणि ते परत मिळण्यासाठी केलेला दावा आता एका ओळीच्या हरकतीसह परत आला आहे : बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याने दिलेल्या मालाच्या पावतीवर, गाडीचा क्रमांक नाही. पतींच्या ठाण्यावर फोन लागतो तो आठवड्यातून दोनदा, आणि त्या दहा मिनिटांत मुलांशी बोलू द्यावे की बिल्टीचा विषय काढावा, हे मला कळेनासे झाले आहे. अशा वेळी कोणाला विचारल्यावर काम झाले आणि कोणाला विचारण्यात नुसता वेळ गेला, हे कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त हवालदार (क्लार्क), सातारा जिल्हा

मॅडम, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत युनिटमधले डीटीएसचे काम माझ्याकडे होते. त्याआधी वॉरंटचे, म्हणजे पैशांऐवजी रेल्वेला द्यायच्या सरकारी पत्राचे, पुस्तक माझ्याच कपाटात कुलपात असे. प्रत्येक वॉरंटचा क्रमांक रजिस्टरला चढवायचा, जवानाने ते वॉरंट स्टेशनच्या खिडकीवर देऊन तिकीट घ्यायचे आणि आरक्षण मिळाले नाही तर दाराशी ट्रंकेवर बसून गाव गाठायचे, असा तो काळ होता. डीटीएस आल्यावर खिडकीची रांग संपली, पण चूक व्हायची जागा स्टेशनवरून आमच्या टेबलावर आली.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका जवानाच्या पत्नीचे नाव मी पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या आणि कुटुंबाच्या नोंदींच्या युनिटच्या आदेशात, होते तसे, म्हणजे माहेरच्या आडनावासह भरले. तिच्या आधार कार्डावर सासरचे नाव होते. भुसावळच्या पुढे टीसीने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि कडेवर लहान मूल असलेल्या त्या बाईला अर्धा तास खुलासे करावे लागले. तेव्हापासून ओळखपत्र समोर ठेवल्याशिवाय मी एकही तिकीट काढले नाही. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलते, आणि ही अडचण मराठी जवानांच्या घरात मी पुष्कळदा पाहिली.

आता तुमच्या बिल्टीविषयी. तिच्यावर पेनने गाडीचा क्रमांक मुळीच लिहू नका, कारण खाडाखोड दिसली की साधी हरकत संशयाची होते. ट्रान्सपोर्टवाल्याकडून त्याच्या लेटरहेडवर बिल्टीचा क्रमांक, तारीख, गाडीचा क्रमांक, वजन आणि कुठून कुठे हे लिहिलेला दाखला सही-शिक्क्यासह घ्या. त्याच्या फास्टॅगचा उतारा मिळाला तर उत्तमच, कारण त्यात टोलनाका, तारीख आणि गाडीचा क्रमांक एकत्र येतात. अधिकाऱ्यांना सामानासाठी 6,000 किलोची मर्यादा आहे आणि रस्त्याने नेल्यास जुलै 2017 पासूनचा मूळ दर किलोमीटरला ₹50 आहे, म्हणून वजन आणि अंतर दोन्ही तपासले जाणारच. नवा दावा भरू नका. जुन्याच दाव्याचा क्रमांक आणि हरकतीच्या पत्राची तारीख देऊन, युनिटच्या अग्रेषण पत्रासह उत्तर पाठवा.

सेवेतील मेजर, मूळ गाव नाशिक

अधिकाऱ्यांचे दावे पुण्यातल्या गोळीबार मैदानाजवळच्या लेखा कार्यालयात तपासले जातात, म्हणून ‘मी पुण्याचाच, जाऊन भेटतो’ असे अनेकांना वाटते. मलाही वाटले होते. 2019 साली टेम्पररी ड्यूटीवर, म्हणजे थोड्या दिवसांच्या कामासाठी बाहेरगावी, असताना मेसमध्ये खोली नव्हती, म्हणून मी हॉटेलात राहिलो. माझ्या पगाराच्या लेव्हलला तेव्हा हॉटेलसाठी दिवसाला ₹2,250 पर्यंत मिळत होते आणि बिल त्याहून कमीच होते, तरी हॉटेलचे पैसे अमान्य झाले, कारण खोली उपलब्ध नसल्याचा मेसचा दाखला मी घेतलाच नव्हता. प्रत्यक्ष भेटून त्या कागदाची जागा भरून निघणार नव्हती. आमच्या युनिटच्या क्लार्कने मेसच्या रजिस्टरवरून तारखा शोधून मेसला पत्र लिहिले आणि दाखला आला. प्रवास संपल्यापासून 60 दिवसांत दावा दाखल करायचा असतो. 2018 पूर्वी वर्षभराची मुदत होती आणि आमच्या वरिष्ठांच्या डोक्यातून ते वर्ष अजून गेलेले नाही, तेव्हा त्यांचा सल्ला प्रेमाने ऐकावा आणि मुदत मात्र स्वतः मोजावी.

जवान, चंदगड तालुका

माझी सुट्टी ऐन वेळी रद्द झाली आणि मी तडक ड्यूटीवर गेलो. तिकीट रद्द करायला सांगायचे राहिले. डीटीएसचे तिकीट डीटीएसवरूनच रद्द करायचे असते आणि तेही चार्ट लागण्यापूर्वी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तिकिटाची रक्कम पगारातून कापली गेली. पुढे सुभेदार साहेबांनी सुट्टी सरकारी कारणाने रद्द झाल्याचा दाखला कमांडिंग ऑफिसरांच्या सहीने जोडला, तेव्हा ती परत मिळाली. हेल्पडेस्कला मी तीन वेळा लिहिले होते, पण ‘तिकिटाचे पैसे कापले’ एवढेच लिहिले होते. पीएनआर, बुकिंगची तारीख आणि पर्सनल नंबर नसलेल्या पत्राला कोणी काय उत्तर देणार?

धागा काढणाऱ्या

सर्वांचे मनापासून आभार. हवालदार साहेबांनी सांगितल्याप्रमाणे ट्रान्सपोर्टवाल्याकडून दाखला मागवला आणि तो काल आला. बिल्टी पुन्हा नीट पाहिली, तेव्हा तिच्या मागे ड्रायव्हरने पेन्सिलने एक क्रमांक लिहिलेला दिसला, आणि दाखल्यावर मात्र दोन क्रमांक आहेत, कारण इंदूरला सामान दुसऱ्या ट्रकमध्ये चढवले होते, जे आम्हाला कोणी कळवलेच नव्हते. ज्यांच्या सामानाची गाडी अशी वाटेत बदलली, त्यांनी उत्तरात दोन्ही क्रमांक कसे मांडले आणि ते मान्य झाले का, हे कृपया लिहावे. मी पत्र सोमवारपर्यंत थांबवून ठेवते.